सिस्टर, हा अंगठा कशाचा?

काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या पवित्र मिस्सानंतर एक तरुणी धर्मग्राम कार्यालयात भेटावयास आली. आपल्याच धर्मप्रांतातील एका श्रद्धावंत कुटुंबातील ही मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने मूळ मुद्दा काढला. "फादर, प्रोजेक्टसाठी मी एका बाईचा फॉर्मवर अंगठा घेतला. तिला काहीच कळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. हे पाप झालं का?"

(हे तिने पापनिवेदनात विचारलेले नाही, कार्यालयात विचारले, आणि नावगाव न देता याविषयी लिहिण्यास तिची हरकत नाही, म्हणूनच येथे लिहीत आहे.)

प्रसंग मेळघाटातील होता. सामुदायिक आरोग्याच्या अनुभवासाठी विद्यार्थिनींची तुकडी धारणीच्या बाजूला गेली होती. गरोदर मातांना रक्तक्षयाविषयी किती माहिती आहे, हा तिच्या गटाचा विषय. प्रश्नावली मराठीत, समोरची माता कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. बाईने शांतपणे अंगठा दिला, विचारले त्या प्रश्नांना हो-नाही अशी उत्तरे दिली आणि शेवटी मोडक्या मराठीत विचारले, "सिस्टर, पैसे कधी जमा होतील?" गरोदर मातांना मिळणाऱ्या मातृवंदना योजनेचाच हा कागद आहे, असे तिला वाटले होते. मुलगी तेव्हा काही बोलली नाही. सायंकाळ होत आली होती, साठ 'सॅम्पल' पूर्ण करावयाचे होते आणि जीप परत निघणार होती.

मी तिला लगेच म्हणालो, "नाही बेटा, पाप कसले? तुझा हेतू चांगला होता." ती गेली आणि मला माझेच उत्तर खटकू लागले. गेली तीस वर्षे मी श्रद्धावंतांना सांगत आलो आहे की केवळ चांगल्या हेतूने कृती चांगली ठरत नाही. मग येथे इतक्या घाईने तो हेतू पुढे करून मी मोकळा का झालो? या लेखाचे निमित्त ती मुलगी जितकी आहे, तितकाच मीही आहे.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र हा विषय असतो आणि पदवीपूर्वी गटाने एक लघुसंशोधन पूर्ण करावे लागते. ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांना हे प्रकल्प परिचित असतील: अमुक विषयावर नियोजित अध्यापन करावे, आधी व नंतर प्रश्नावली भरून घ्यावी, ज्ञानात किती वाढ झाली ते कोष्टकात मांडावे. यात औषध नाही, सुई नाही, जिवाला धोका नाही. त्यामुळे संमतीपत्र ही प्रकल्पाच्या शेवटी जोडावयाची एक पुरवणी होऊन बसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मात्र स्पष्ट म्हटले आहे की माहिती समोरच्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजे, नकार देण्याचा व मध्येच बाहेर पडण्याचा तिचा हक्क तिला सांगितला पाहिजे आणि ती निरक्षर असल्यास वाचता येणारा एक त्रयस्थ साक्षीदार उपस्थित असला पाहिजे. जोखीम अगदी कमी असल्यास लेखी संमतीतून सूट मिळू शकते. पण ती सूट नीतिसमिती देते, परत निघालेली जीप देत नाही.

आता श्रद्धेचा प्रश्न. आपल्या मुली या व्यवसायात येतात त्या बहुतेक सेवाभावाने. हे केवळ ख्रिस्ती मुलींविषयी म्हणत नाही. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही नर्सिंगच्या वर्गात डोकावून पाहावे: गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला जाणारी, दीक्षाभूमीला जाणारी, रमजानचे रोजे ठेवणारी आणि रोझरी म्हणणारी अशा मुली एकाच बाकावर बसलेल्या असतात. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या या मुलुखात सेवा हाच धर्म, हे कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. ज्या भूमीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरुग्णांचा संसार उभा केला, तेथे हे संस्कार हवेतच असतात. श्रद्धाळू मुलगी संशोधनातही नीतीने वागेल, असे आपण त्यामुळे गृहीत धरतो. माझ्या मते हे गृहीतक तपासून पाहण्याची वेळ आली आहे, आणि त्यासाठी फार दूर जावयास नको. जानेवारी २०२१ आठवावा.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड लसीकरण सुरू झाले आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. महाराष्ट्रात बहुतेक सर्व केंद्रांवर कोविशिल्ड आली. कोवॅक्सिन ही लस प्रथम सहाच केंद्रांना मिळाली आणि त्यात अमरावतीचे जिल्हा रुग्णालय होते. म्हणजे अकोल्याच्या परिचारिकेला एक लस, तर शंभर किलोमीटर अंतरावरील अमरावतीच्या परिचारिकेला दुसरी. फरक केवळ नावाचा नव्हता. कोवॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली ती 'चिकित्सालयीन चाचणीच्या स्वरूपात' वापरण्याच्या अटीवर. तिच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष अजून हाती आले नव्हते. म्हणून ती घेणाऱ्याला संमतीपत्रावर सही करावी लागे. परिणामकारकता अद्याप सिद्ध व्हावयाची आहे, असे त्या कागदातच लिहिलेले होते आणि लसीमुळे गंभीर अपाय झाल्याचे सिद्ध झाल्यास भरपाईची तरतूदही होती. लस निवडण्याची मुभा मात्र कुणालाच नव्हती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी याच मुद्द्यावर आपल्या अधीक्षकांना पत्र लिहिले होते. ११ मार्चला ही अट काढून घेण्यात आली. मधल्या काळात, फेब्रुवारीच्या अखेरीस, अमरावती व अचलपूर शहरे पुन्हा टाळेबंदीत गेली होती आणि कागदांविषयी विचार करावयास कुणाला उसंत नव्हती.

त्या दिवसांत माझ्याकडे अनेक कॅथलिक परिचारिका, विद्यार्थिनी आणि त्यांचे आईवडील शंका घेऊन येत. दूरध्वनी तर रात्री दहापर्यंत चालत. सर्वांचा प्रश्न एकच: "फादर, कोविशिल्डमध्ये गर्भपात झालेल्या बालकाच्या पेशी आहेत म्हणतात. घेतली तर चालेल का?" प्रश्न निराधार नव्हता. कोविशिल्डच्या निर्मितीत वापरली जाणारी पेशीमालिका १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये गर्भाच्या पेशींपासून तयार झाली होती. या प्रश्नावर व्हॅटिकनच्या विश्वास-सिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी टिपण काढून, निर्दोष पर्याय उपलब्ध नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, असा निर्वाळा दिला होता. मी तो सर्वांना वाचून दाखवीत असे.

पण मला कुणीही, एकानेही, अमरावतीच्या त्या कागदाविषयी विचारले नाही. चाचणी म्हणजे काय, नाही म्हटले तर काय होईल, वरिष्ठ समोर उभे असताना केलेली सही ही संमती होते का, हे कुणाच्या मनात धर्माचे प्रश्न म्हणून आलेच नाहीत. आणि मीही ते कुणाच्या मनात घातले नाहीत. खरे तर त्याच टिपणात, लसीकरण ही सर्वसाधारणपणे नैतिक सक्ती नाही व म्हणून ते स्वेच्छेनेच व्हावयास हवे, असेही स्पष्ट म्हटले होते. तो परिच्छेद मी किती वेळा वाचून दाखविला? आठवत नाही, बहुधा एकदाही नाही.

यात आपणच एकटे नव्हतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतील काही मुस्लिम संघटनांनी लसीत डुकराच्या चरबीपासूनचे घटक आहेत का, अशी विचारणा केली होती. जून २०२१ मध्ये कोवॅक्सिनसाठी नवजात वासराच्या रक्तद्रवाचा वापर होतो म्हणून गदारोळ झाला. तो द्रव केवळ पेशी वाढविण्यासाठी लागतो, अंतिम लसीत तो नसतो, असा खुलासा आरोग्य मंत्रालयाला करावा लागला. गर्भ, डुक्कर, वासरू! तीन धर्मांचे लोक तीन बाजूंनी येऊन एकाच बाटलीभोवती उभे राहिले. बाटलीत काय आहे ते सर्वांनी विचारले. शेजारी ठेवलेल्या कागदावर काय आहे ते कुणी विचारले नाही.

मला येथेच गाठ दिसते. आपली श्रद्धा पदार्थाच्या शुद्धाशुद्धतेबाबत चटकन जागी होते. माणसाच्या 'नाही'बाबत ती डुलकी घेते. आणि ज्या विद्यार्थिनी स्वतः २०२१ साली किंवा त्यानंतर अशा वातावरणात घडल्या, त्यांच्याकडून आपण अपेक्षा करतो की मेळघाटातील कोरकू मातेच्या 'नाही'साठी त्यांनी थांबावे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत मुळीच मोघम नाही. नाझी डॉक्टरांच्या छळप्रयोगांची आठवण ताजी असताना, सप्टेंबर १९५२ मध्ये, पोप बारावे पायस यांनी रोममध्ये भरलेल्या मज्जासंस्थेच्या अभ्यासकांच्या परिषदेपुढे संशोधनाच्या मर्यादा सांगितल्या. विज्ञानाचे हित, रुग्णाचे हित आणि समाजाचे हित ही तीन कारणे संशोधक पुढे करतात. यांपैकी एकही अमर्याद नाही, आणि रुग्णाने दिला असेल तेवढाच अधिकार डॉक्टरला त्याच्यावर असतो, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२९५वा परिच्छेद तर एक पाऊल पुढे जातो: जाणीवपूर्वक दिलेल्या संमतीवाचून प्रयोग नीतिमान्य होत नाही, आणि संमती मिळाली एवढ्यानेही कोणताही प्रयोग योग्य ठरत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील देवदूताचा निरोप आपण दररोज तीन वेळा आठवतो. पण पवित्र मरियेने होकार देण्यापूर्वी प्रश्न विचारला होता व तिला उत्तर मिळाले होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मग श्रद्धाळू मुलीच्या हातून अंगठा कसा घेतला जातो? याचे एक उत्तर नर्सिंगच्या इतिहासातच आहे, आणि ते अतिशय अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९३२ साली तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ आणि न झालेल्या २०१ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. रोगावर उपचार न केल्यास काय होते, हे पाहावयाचे होते. माणसे जमविण्यासाठी गावोगावच्या चर्चमधून व शाळांमधून निरोप गेले. रोग्यांना रोगाचे नाव न सांगता 'रक्त बिघडले आहे' एवढेच सांगण्यात आले. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय सर्वत्र मिळू लागला, तरी या माणसांना तो मिळू दिला नाही. १९७२ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा कोठे हे थांबले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली.

या चाळीस वर्षांत डॉक्टर आले आणि गेले. कायम राहिली ती एक परिचारिका, युनिस रिव्हर्स. ती स्वतः कृष्णवर्णीय, त्याच भागातील संस्थेत शिकलेली. ती या माणसांना आपल्या गाडीतून तपासणीस नेई, घरच्यांची विचारपूस करी, मृत्यूनंतर शवविच्छेदनाची परवानगी कुटुंबाकडून मिळवी आणि अंत्यविधीचा खर्च पोहोचता करी. तिच्या नावावरून ती माणसे या गटाला आपला एक मेळच समजत. ती दुष्ट नव्हती. ती त्यांच्यावर खरोखर माया करीत असे, आणि तिच्या मायेमुळेच तो अभ्यास चाळीस वर्षे टिकला. डॉक्टरांवरचा विश्वास केव्हाच आटला असता. तिच्यावरचा आटला नाही. डॉक्टरांचे सांगणे ऐकावे हे तिचे शिक्षण होते, आणि माणसांचे भले आपण करतोच आहोत, ही तिची निष्ठा होती. सेवाभाव आणि आज्ञापालन हे दोन्ही सद्गुण तिच्याकडे भरपूर होते.

नर्सिंगच्या वर्गात हे प्रकरण शिकवितात, पण बहुधा डॉक्टरांचा अपराध म्हणून. माझी प्राध्यापिका भगिनींना विनंती आहे की ते परिचारिकेच्या बाजूने एकदा शिकवावे.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे, म्हणून ते टाळू नये. १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. चार गट पाडले गेले. तिघांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली, चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची अभ्यासाकडून तपासणी झाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा विषाणू-चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू नोंदले गेले. तपासणीने जीव वाचतात हे आधीच ठाऊक असताना चौथा गट कशासाठी, असा प्रश्न पुढे देशातील व परदेशातील टीकाकारांनी विचारला. त्या काळी त्या खेड्यांत कोणतीच तपासणी होत नव्हती, त्यामुळे कुणाकडून काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. या अभ्यासाने जगाला उपयुक्त ज्ञान दिले, हे कुणी नाकारू शकत नाही. परंतु पोप पायस यांनी सांगितलेली ती तीन हिते येथे समोरासमोर उभी राहतात, आणि चौथ्या गटातील त्या बायकांना आपण चौथ्या गटात आहोत म्हणजे नेमके काय, हे कितपत उमगले असेल, हा प्रश्न मला ६४ या आकड्याशी थांबवितो.

आपल्या विद्यार्थिनींचे दुखणे याहून लहान असले तरी जवळचे आहे. त्यांना 'नाही' ऐकावयास शिकवावयाचे असेल, तर आधी त्यांना ते म्हणता आले पाहिजे. नर्सिंग महाविद्यालयांत होणाऱ्या लघुसंशोधनांत सर्वांत सहज मिळणारे 'सॅम्पल' कोण? त्याच महाविद्यालयातील कनिष्ठ विद्यार्थिनी. ताण, झोप, आहार, आणि आता श्रद्धा व नीतीविषयीची मतेसुद्धा त्यांनाच विचारली जातात. प्रश्नावली वर्गात वाटली जाते. वाटणाऱ्या बाई त्याच, ज्यांच्या हाती अंतर्गत गुण आहेत. वसतिगृहात राहणारी, पहिल्या वर्षाची, खेड्यातून आलेली कोणती मुलगी 'मी भरणार नाही' म्हणेल? २०१७च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी व हाताखालील कर्मचारी यांची गणना सहज दबावाखाली येणाऱ्या गटांत केली आहे, ती उगाच नव्हे. आमच्या काळी सेमिनरीतही असेच कागद फिरत. रेक्टर म्हणत 'ऐच्छिक आहे' आणि आम्ही सर्वजण भरून देत असू. नावे लिहावयाची नव्हती, पण अक्षर सर्वांचे ओळखीचे होते!

मार्गदर्शक तत्त्वांनी नीतिसमितीवर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतिज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांपैकी एकासाठी जागा ठेवली आहे आणि वैद्यकाशी संबंध नसलेल्या सामान्य नागरिकासाठीही. आपल्या धर्मग्रामांतील निवृत्त शिक्षक, वकील, सामाजिक कार्यकर्त्या यांनी अशा समित्यांवर जाण्यास कचरू नये. कागदावरचे मराठी कुणाला कळेल आणि कुणाला नाही, हे ओळखण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. धर्मगुरूंना बोलावणे आले, तर त्यांनी केवळ गर्भाच्या पेशींवर व्याख्यान देऊन परत येऊ नये, हे मी स्वतःलाच बजावतो.

एक अडचण खास आपली आहे. मेळघाटात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, 'सिस्टर' हा शब्द परिचारिकेसाठीही आहे आणि धर्मभगिनीसाठीही. एखादी धर्मभगिनी परिचारिका असेल तर विचारावयासच नको. पिढ्यान्पिढ्यांच्या कष्टाने या शब्दाभोवती विश्वास साठला आहे. रात्री-अपरात्री बाळंतपणे करणाऱ्या, जखमा धुणाऱ्या अनेक अनाम स्त्रियांनी तो मिळविला आहे. त्या विश्वासामुळेच आदिवासी बाई दवाखान्यात येते. आणि त्याच विश्वासामुळे ती न विचारता अंगठाही देते. औषध देताना हा विश्वास आशीर्वाद असतो. संशोधनाचा कागद पुढे करताना मात्र सिस्टरने स्वतःहून तो बाजूला ठेवून सांगावयास हवे: बाई, हे औषध नाही, योजना नाही, पैसे मिळणार नाहीत, हा माझ्या शिक्षणाचा भाग आहे, आणि तुम्ही नको म्हटले तरी उद्या मी तुमचा रक्तदाब तपासणारच आहे. एवढी चार वाक्ये कोरकूत सांगू शकणारी आशा कार्यकर्ती सोबत असली, की काम पंधरा मिनिटांनी लांबते.

पंधरा दिवसांनी मी त्या मुलीला पुन्हा बोलावून घेतले व माझे पहिले उत्तर मागे घेतले. पाप किती आणि अज्ञान किती, याचा हिशेब आम्ही मांडत बसलो नाही. काय करता येईल एवढेच बोललो. तिने आधीच काही केले होते. पुढच्या खेपेस तुकडी धारणीला गेली तेव्हा गावातील आशाताईंना बरोबर घेऊन ती त्या बाईच्या घरी गेली, कागद कशाचा होता ते सांगितले आणि योजनेचा खरा अर्ज कोठे भरावयाचा तेही दाखविले. "मग तो कागद ठेवू का, असं विचारलं तिला," मुलगी म्हणाली. "ती हसली, आणि नको म्हणाली."

तिने तो फॉर्म काढून टाकला. प्रकल्पाच्या अहवालात आता साठऐवजी एकोणसाठ माता आहेत, आणि एक कमी का झाली ते लेखी द्यावे, असे तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले आहे. ते कसे लिहावे, हे विचारण्यासाठी ती येत्या रविवारी येणार आहे.